पराभूताचा पक्ष : अली-फ्रेझर स्पर्धेचे लेखन आणि वारशाचा प्रश्न

प्रास्ताविक

मुष्टियुद्धातील हेवीवेट गटाचे जगज्जेतेपद हे विसाव्या शतकात निव्वळ क्रीडापद कधीच राहिले नाही. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे जॅक जॉन्सनने टॉमी बर्न्सला हरवून ते मिळविले. हे पद मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय होय. त्या लढतीचे वार्तांकन करण्यासाठी जॅक लंडनसारखा ख्यातनाम कादंबरीकार उपस्थित होता, आणि निवृत्त गौरवर्णीय विजेता जिम जेफ्रीज याने पुन्हा रिंगणात उतरून जॉन्सनला नमवावे, असे जाहीर आवाहन त्याने केले. जेफ्रीज उतरला. ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे तो हरला आणि अमेरिकेतील अनेक शहरांत वांशिक दंगली उसळल्या. या प्रसंगातील जॅक लंडनची भूमिका अभ्यासकाने नजरेआड करू नये. या स्पर्धांविषयी लिहिणारा साहित्यिक आरंभापासूनच तटस्थ साक्षीदार नव्हता. तो एका बाजूचा होता आणि आपल्या लेखणीने लढत घडवून आणण्याइतके सामर्थ्य त्याच्याकडे होते.

मुहम्मद अली (१९४२-२०१६) आणि जो फ्रेझर (१९४४-२०११) यांच्यातील स्पर्धेकडे या दृष्टीने पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या दोघांत तीन लढती झाल्या : ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, २८ जानेवारी १९७४ रोजी त्याच ठिकाणी, आणि १ ऑक्टोबर १९७५ रोजी फिलिपिन्समध्ये मनिलानजीकच्या केसॉन सिटी येथे. पहिली फ्रेझरने जिंकली, उरलेल्या दोन अलीने. आकड्यांत पाहिले तर ही अगदी अटीतटीची स्पर्धा होती. वारशाच्या दृष्टीने मात्र ती विलक्षण एकतर्फी ठरली. आपल्याकडेही अली हे नाव खेळाची मुळीच आवड नसलेल्या प्राध्यापकाला ठाऊक असते. फ्रेझर कोण, हे मात्र बहुधा सांगावे लागते. असे का झाले, याचे उत्तर ठोशांत नसून लेखनात आहे, असे या लेखकाचे मत आहे. म्हणून लढतींच्या वर्णनापेक्षा त्यांच्याविषयीच्या ग्रंथांचा आणि चित्रपटांचा विचार येथे अधिक केला आहे.

दोन जीवने, एक शिवी

अलीने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये लाइट हेवीवेट गटाचे सुवर्णपदक मिळविले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये फ्रेझर मूळ संघातही नव्हता. बस्टर मॅथिस जखमी झाल्याने त्याला संधी मिळाली आणि उपांत्य लढतीत अंगठा मोडलेला असतानाही त्याने हेवीवेटचे सुवर्ण मिळविले. अली लुइव्हिलचा, वडील पाट्या रंगविणारे. फ्रेझर दक्षिण कॅरोलायनातील बोफर्टच्या परिसरात वाटेकरी पद्धतीने शेती करणाऱ्या मोठ्या कुटुंबात जन्मला. पुढे तो फिलाडेल्फियाला आला आणि तेथील कत्तलखान्यात कामाला लागला. दोघांच्याही व्यावसायिक कारकिर्दीचा प्रारंभ भांडवलदारांच्या गटाच्या पाठबळावर झाला. अलीच्या मागे लुइव्हिलचे ११ गौरवर्णीय व्यावसायिक होते, तर फ्रेझरसाठी फिलाडेल्फियातील गुंतवणूकदारांनी ‘क्लोव्हरले’ ही संस्था काढली होती. हा तपशील येथे मुद्दाम नोंदविला आहे, कारण पुढे जे आरोप झाले त्यांच्या संदर्भात तो महत्त्वाचा ठरतो.

२८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टन येथे अलीने सैन्यभरती नाकारली. त्याचे जगज्जेतेपद आणि परवाने काढून घेण्यात आले; जूनमध्ये पाच वर्षांचा कारावास आणि दहा हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली. अपील प्रलंबित असल्याने तो तुरुंगात गेला नाही, पण तीन वर्षांहून अधिक काळ त्याला लढता आले नाही. ऐन उमेदीच्या वर्षांचा हा त्याग खरा होता, त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. २८ जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. मधल्या काळात रिकाम्या झालेल्या पदाकडे फ्रेझर पायरी पायरीने सरकला. मार्च १९६८ मध्ये मॅथिसला आणि फेब्रुवारी १९७० मध्ये जिमी एलिसला हरवून तो निर्विवाद जगज्जेता झाला. या काळात त्याने अलीला परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकला आणि पैशाचीही मदत केली, असे फ्रेझर शेवटपर्यंत सांगत राहिला.

आणि तरीही १९७१ च्या लढतीपूर्वी अलीने त्याला ‘अंकल टॉम’ ठरविले. हॅरिएट बीचर स्टोव्ह यांच्या १८५२ च्या कादंबरीतील एका सोशिक पात्राचे हे नाव. पुढे अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात ते गोऱ्यांची मर्जी राखणाऱ्याला दिलेली शिवी बनले. मराठी वाचकाला या शब्दाची धार समजावून सांगण्याची गरज नाही. १९६६ मध्ये ओकलंडला स्थापन झालेल्या ‘ब्लॅक पँथर’वरून नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ उभी राहिली, डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी कृष्णवर्णीय अमेरिकनांचे साहित्य मराठीत परिचित करून दिले. आणि पुण्यात उमेदवारीची वर्षे काढलेल्या कांशीराम यांनी पुणे कराराला ५० वर्षे झाली त्या वेळी, १९८२ मध्ये, ‘चमचा युग’ लिहिले. ‘आपला’ कोण आणि ‘त्यांचा’ कोण, ही वर्गवारी शोषितांच्या चळवळीत अपरिहार्यपणे येते, हे आपण जवळून पाहिले आहे. ती वर्गवारी केव्हा विश्लेषण असते आणि केव्हा नुसते हत्यार, हा प्रश्नही आपल्याला नवा नाही.

फ्रेझरच्या बाबतीत ती हत्यार होती, असे निःसंदिग्धपणे म्हणावे लागते. गोऱ्या भांडवलदारांचे पाठबळ हा निकष मानला तर त्यातून अलीही सुटत नाही. कष्टकरी कृष्णवर्णीयांचे जगणे हा निकष मानला तर वाटेकऱ्याचा मुलगा त्याला अधिक जवळचा होता. अलीच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की, फ्रेझर राजकारणावर बोलत नव्हता आणि युद्धाचे समर्थन करणारे अनेक गोरे प्रेक्षक अलीच्या द्वेषापोटी फ्रेझरमागे उभे राहिले होते. पण कोणाचे चाहते कोण आहेत यावरून त्याची निष्ठा ठरविणे हा न्याय नव्हे. या आरोपाचा परिणाम फ्रेझरच्या घरापर्यंत गेला. त्याच्या मुलांना शाळेत टोमणे ऐकावे लागले, हे त्याच्या निकटवर्तीयांनी नंतर सांगितले आहे.

प्रतिस्पर्ध्याला एखाद्या प्रवृत्तीचे प्रतीक बनवून मगच त्याच्याशी लढायचे, ही अलीची रीत फ्रेझरपासून सुरू झाली नव्हती. डेव्हिड रेमनिकच्या ‘किंग ऑफ द वर्ल्ड’ (१९९८) या ग्रंथाचे महत्त्व येथे जाणवते. हा ग्रंथ फ्रेझरच्या काळापर्यंत येतच नाही. तो सनी लिस्टन, फ्लॉइड पॅटरसन आणि तरुण कॅशियस क्ले यांच्यापाशी थांबतो. पॅटरसन हा गोऱ्या समाजाला मान्य होणारा सज्जन, लिस्टन हा त्याला भीतिदायक वाटणारा गुंड, आणि या दोन्ही साच्यांत न बसणारा क्ले, अशी मांडणी रेमनिक करतो. साचे समाजानेच घडविले होते. क्लेने स्वतःसाठी ते मोडले, पण इतरांसाठी ठेवले, ही गोष्ट रेमनिक फारशी स्पष्ट करीत नाही. १९६५ मध्ये पॅटरसनला आणि १९६७ मध्ये अर्नी टेरेलला, आपले नवे नाव न घेतल्याबद्दल, अलीने रिंगणात ज्या रीतीने शिक्षा केली तिच्यात मनिलाची बीजे दिसतात.

मेलर आणि राजांचा चित्रपट

१९७१ ची पहिली लढत दोन अपराजित जगज्जेत्यांची होती. अलीच्या नावावर ३१ विजय होते, फ्रेझरच्या नावावर २६. प्रत्येकाला २५ लाख डॉलर मिळणार होते. पंधराव्या फेरीत फ्रेझरच्या डाव्या हूकने अली पाठीवर पडला. तो लगेच उठला हे खरे, पण तिन्ही पंचांनी फ्रेझरच्या बाजूने कौल दिला. एखाद्या खेळाडूच्या आयुष्यातील याहून मोठी रात्र कल्पिता येणार नाही. तिच्याविषयीचे सर्वांत गाजलेले लेखन म्हणजे नॉर्मन मेलरचा ‘लाइफ’ साप्ताहिकातील ‘इगो’ हा दीर्घ निबंध. त्याचे शीर्षकच सूचक आहे. निबंध जिंकलेल्या माणसाविषयी नाही. हरलेल्याच्या अहंविषयी आहे. पराभवातूनही अली कसा मोठा होतो, हे मेलर इतक्या तन्मयतेने सांगतो की, विजेता हा त्या मोठेपणाची कसोटी घेणारे एक साधन एवढाच उरतो.

‘द फाइट’ (१९७५) मध्ये ही वृत्ती पूर्ण रूपाला येते. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी झाईरच्या किन्शासा येथे अलीने जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत बाद केले, त्याचा हा वृत्तान्त. मेलर स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषी करतो, बांटू तत्त्वज्ञानावरील प्लासिड टेम्पल्सचे पुस्तक वाचतो आणि जीवशक्तीच्या त्या कल्पनेच्या आधारे लढतीचा अर्थ लावतो. शैलीच्या दृष्टीने पुस्तक श्रेष्ठ आहे, यात वाद नाही. आठव्या फेरीचे वर्णन आजही खिळवून ठेवते. परंतु येथील मुष्टियोद्धे मेलरच्या चिंतनाची सामग्री बनतात. याच्या अगदी उलट टोकाला जॉइस कॅरोल ओट्सचे ‘ऑन बॉक्सिंग’ (१९८७) आहे. मुष्टियुद्ध हे दुसऱ्या कशाचे रूपक आहे असे मानायला ओट्स तयार नाही. तिच्या लेखी ते स्वतःच एक पूर्ण, स्वतंत्र आणि भयंकर असे काही आहे. फ्रेझरसारख्या लढवय्याला न्याय द्यायचा असेल तर ओट्सचीच दृष्टी हवी, असे मला वाटते. रूपकाच्या बाजारात बोलक्या माणसाला भाव असतो. फ्रेझरला जे सांगायचे होते ते त्याच्या डाव्या हातात होते. हा हात लहानपणी एका डुकराने पाठलाग केला असता पडून दुखावला आणि कायमचा थोडा वाकडा राहिला, असे तो आपल्या ‘स्मोकिन जो’ (१९९६) या आत्मचरित्रात सांगतो. वाकडा राहिलेला हात हूकसाठी जन्मतःच तयार असावा तसा झाला. मेलरच्या हाती ही गोष्ट लागली असती तर त्याने तिच्यावर एक प्रकरण लिहिले असते!

लिऑन गास्टचा ‘व्हेन वुई वेअर किंग्ज’ (१९९६) हा माहितीपट किन्शासाच्या लढतीवरचाच. १९७४ मध्ये चित्रित झालेली सामग्री पैशाच्या आणि कायद्याच्या अडचणींमुळे दोन दशके पडून होती. मेलर आणि जॉर्ज प्लिम्प्टन तीत भाष्यकार म्हणून येतात. १९९७ च्या ऑस्कर समारंभात या चित्रपटाला पुरस्कार मिळाला तेव्हा कंपवाताने ग्रासलेल्या अलीला पायऱ्या चढताना फोरमनने आधार दिला. जुने वैर विरून जाण्याचे हे दृश्य हृद्य होतेच. पण त्याने एक अलिखित नियमही घालून दिला : पराभूताने कालांतराने विजेत्याचा हात धरावा, मग त्यालाही राजांमध्ये जागा मिळेल. फोरमनला तो नियम पाळणे शक्य होते. अलीने त्याला रिंगणात फसविले होते, समाजातून बहिष्कृत केले नव्हते.

मनिलानंतर

मनिलाच्या लढतीपूर्वी अलीने फ्रेझरला ‘गोरिला’ म्हटले. नुसते म्हटले नाही, तर रबराचा एक छोटा गोरिला खिशात बाळगून पत्रकारांसमोर त्याला बुक्के मारून दाखविले. कृष्णवर्णीय माणसाला माकडाची उपमा देणे ही वंशद्वेष्ट्यांची जुनी भाषा. तीच भाषा कृष्णवर्णीयांच्या अस्मितेचा प्रतिनिधी मानला गेलेला माणूस जाहीरपणे वापरीत होता आणि जमलेले पत्रकार हसत होते. त्या हशाविषयी अलीच्या गौरवग्रंथांत फारसे काही आढळत नाही.

प्रखर उष्म्यात १४ फेऱ्या झाल्या. फ्रेझरचे डोळे सुजून जवळजवळ मिटले होते. त्याच्या डाव्या डोळ्याची दृष्टी आधीपासूनच अधू होती आणि ती गोष्ट त्याने वर्षानुवर्षे लपविली होती. पंधराव्या फेरीसाठी उठू पाहणाऱ्या फ्रेझरला त्याचा वयोवृद्ध प्रशिक्षक एडी फच याने बसविले आणि लढत थांबविली. रिंगणात माणसे मरताना फचने पाहिली होती. त्याच वेळी समोरच्या कोपऱ्यात अली स्वतःच लढत सोडण्याच्या बेतात होता काय, याविषयी परस्परविरोधी साक्षी आहेत. त्याने हातमोजे कापून काढायला सांगितले असे काहींचे म्हणणे. त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने ते नाकारले. फ्रेझरच्या बाजूचे लेखन या ‘जर-तर’वर फार भर देते. मला तो भर अनाठायी वाटतो. फचचा निर्णय बरोबर होता. तो अर्धा मिनिट लांबला असता तर इतिहास बदलला असता, या तर्कापेक्षा एका माणसाचा जीव वाचला, ही वस्तुस्थिती मोठी आहे.

मार्क क्रॅम या लढतीला उपस्थित होता. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’मधील त्याचा वृत्तान्त मुष्टियुद्धाच्या वार्तांकनातील उत्कृष्ट नमुन्यांत गणला जातो. त्याच क्रॅमने २००१ मध्ये ‘घोस्ट्स ऑफ मनिला’ लिहिले आणि अलीच्या प्रतिमेवर थेट प्रहार केला. फ्रेझरच्या मनातील जखम किती खोल होती आणि ती कशामुळे झाली, हे एवढ्या सहानुभूतीने त्यापूर्वी कोणी लिहिले नव्हते. पुस्तकाचा हा भाग निर्विवाद मोलाचा आहे. पण फ्रेझरला उंच करण्यासाठी अलीला खुजे केलेच पाहिजे, अशी क्रॅमची समजूत दिसते. अलीला राजकारणाचे काही कळत नव्हते, ‘नेशन ऑफ इस्लाम’ने त्याला प्यादे म्हणून वापरले, असे तो सुचवितो. एखाद्याला सिद्धान्त समजत नसला तरी तो तुरुंगवासाचा धोका समजून-उमजून पत्करू शकतो, हे क्रॅम लक्षात घेत नाही. युद्धाला दिलेला नकार आणि मित्राची केलेली बदनामी या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून घडल्या. एक खरी म्हणून दुसरी खोटी ठरत नाही. चरित्रकाराची परीक्षा नेमकी या ठिकाणी असते आणि क्रॅम तीत पूर्णपणे उतरत नाही.

त्या मानाने टॉमस हॉसरचे ‘मुहम्मद अली : हिज लाइफ अँड टाइम्स’ (१९९१) अधिक विश्वसनीय आहे. हे अलीच्या संमतीने लिहिलेले चरित्र, तेव्हा ते अलीच्या बाजूचे असणार, असा ग्रह होणे साहजिक आहे. पण त्याची रचना मौखिक इतिहासाची आहे. अनेकांच्या साक्षी तो शेजारी शेजारी ठेवतो. फ्रेझरची कटू साक्षही तीत आहे आणि ती सौम्य केलेली नाही. जॉन डोअरचा ‘थ्रिला इन मनिला’ (२००८) हा माहितीपट क्रॅमच्या वाटेने जाणारा. तरी त्यातील एक दृश्य कोणत्याही ग्रंथापेक्षा अधिक सांगून जाते. फिलाडेल्फियातील आपल्या व्यायामशाळेत वृद्ध फ्रेझर मनिलाच्या लढतीचे चित्रीकरण पाहत बसला आहे. निवेदकाने त्या वेळी गप्प राहायला हवे होते.

कटुतेचा प्रश्न

फ्रेझरच्या विरोधात नेहमी पुढे केला जाणारा मुद्दा त्याच्या कटुतेचा. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकची ज्योत थरथरत्या हातांनी अलीने पेटविली तेव्हा सारे जग हेलावले. त्याला त्या ज्योतीत ढकलायला आवडले असते, अशा आशयाचे उद्गार फ्रेझरने काढले. अलीच्या आजारात आपल्या ठोशांचा वाटा आहे, हेही तो अधूनमधून समाधानाने बोलून दाखवी. हे उद्गार क्रूर आहेत. त्यांचे समर्थन करता येणार नाही. परंतु येथे मॅक्स श्मेलिंग आणि जो लुई यांचे उदाहरण देऊन फ्रेझरला बोल लावणे मात्र चुकीचे होय. १९३६ मध्ये श्मेलिंगने लुईला बाराव्या फेरीत बाद केले. २२ जून १९३८ रोजी लुईने पहिल्याच फेरीत, १२४ सेकंदांत, त्याची परतफेड केली. नाझी जर्मनी विरुद्ध अमेरिका असे रूप त्या लढतीला आले होते, आणि तरी दोघे पुढे जिवलग मित्र झाले. हे शक्य झाले, कारण त्यांच्यातील वैर इतरांनी त्यांच्यावर लादले होते. फ्रेझरचे दुःख प्रतिस्पर्ध्याच्या स्वतःच्या तोंडून आले होते.

२००१ मध्ये अलीने ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला दिलेल्या मुलाखतीत, लढतीच्या जाहिरातीसाठी आपण बोलायला नको ते बोललो, असे म्हणून क्षमा मागितली. ही क्षमा वर्तमानपत्राकडे नको, आपल्याकडे मागायला हवी होती, अशी फ्रेझरची प्रतिक्रिया होती. पुष्कळांना ती हट्टी वाटली. मला ती नेमकी वाटते. शिवी वर्तमानपत्रांतून पसरली होती म्हणून क्षमाही तेथे मागणे एका अर्थी रास्त होते. पण शिवी केवळ तेथेच दिली गेली नव्हती. त्याच वर्षी ८ जून रोजी दोघांच्या मुली, लैला अली आणि जॅकी फ्रेझर-लाइड, रिंगणात समोरासमोर आल्या आणि आठ फेऱ्यांनंतर लैला गुणांवर जिंकली. या लढतीला वारशाचे नाव देऊन तिकिटे विकली गेली, याहून अधिक काही तिच्याविषयी सांगण्यासारखे नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये यकृताच्या कर्करोगाने फ्रेझर गेला, तेव्हा त्याच्या अंत्यविधीला अली आजारी अवस्थेत उपस्थित राहिला.

फिलाडेल्फियातील पुतळ्याची गोष्ट या संदर्भात सांगायलाच हवी. ‘रॉकी’ (१९७६) या चित्रपटाचा काल्पनिक नायक कत्तलखान्यात टांगलेल्या मांसावर ठोसे मारून सराव करतो, ही कल्पना आपल्या आयुष्यातून उचलली गेली, असे फ्रेझर म्हणे. त्या चित्रपटात तो क्षणभर स्वतः दिसतोही. तिसऱ्या भागासाठी घडविलेला रॉकीचा पुतळा १९८० च्या दशकापासून शहराचे भूषण बनला. प्रत्यक्ष जगज्जेत्या फ्रेझरचा पुतळा त्या शहरात २०१५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, उभा राहिला. त्याची व्यायामशाळा २००८ मध्ये बंद झाली होती आणि तेथे फर्निचरचे दुकान आले होते.

या साऱ्या साहित्यात दोघांचे आवाज एकत्र ऐकू येतात अशी एक जागा आहे आणि तिच्याकडे समीक्षकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ‘द ग्रेटेस्ट : माय ओन स्टोरी’ (१९७५) हे अलीचे आत्मचरित्र रिचर्ड डरहॅम याच्या सहकार्याने लिहिले गेले आणि कादंबरीकार टोनी मॉरिसन हिने त्याचे संपादन केले. ते जपूनच वाचावे लागते. रोमचे सुवर्णपदक ओहायो नदीत फेकून दिल्याची प्रसिद्ध कथा त्यातलीच, आणि तिच्या सत्यतेविषयी पुढे रास्त शंका घेतल्या गेल्या. परंतु त्याच ग्रंथात १९७० मधील एका मोटारप्रवासाचा वृत्तान्त आहे. फ्रेझर गाडी चालवतो आहे, शेजारी परवाना गमावलेला अली आहे, आणि फिलाडेल्फियाहून न्यूयॉर्कला जाताना ध्वनिमुद्रण यंत्र सुरू आहे. कोण कोणाला कसा हरवील यावर दोघे वाद घालतात, एकमेकांची खोड काढतात, आपापल्या धंद्याविषयी बोलतात. संवादावर संपादनाचे संस्कार झाले असणार, हे गृहीत धरले तरी त्यातला फ्रेझर मुका नाही, भोळा नाही आणि कोणाचा ‘टॉम’ तर मुळीच नाही. तो अलीला शब्दास शब्द देतो. ही पाने अलीच्याच नावाने प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहेत, आणि मनिलाची लढत झाली त्याच वर्षी ती छापली गेली.